द्राक्षबागेतली चाचणी

महाले सर,

आमची संस्था चालवणाऱ्या दादांनी मला तुमच्यावर एक पान लिहायला सांगितलं आहे. संस्थेचं नवीन प्रपोजल सोमवारी मुंबईला जायचंय. शाळांमधल्या वाचन कार्यक्रमाला पुढची तीन वर्षं अनुदान मिळावं आणि पेठला शिक्षकांसाठी एक प्रशिक्षण केंद्र उघडावं, अशी मागणी त्यात आहे. केंद्राला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. कल्पना पैसे देणाऱ्या मुंबईच्या फंडरकडूनच आली. तुम्ही गेल्याचं कळल्यावर तिथल्या बाईंनी फोन करून फार हळहळ व्यक्त केली म्हणे. म्हणून दुसऱ्या पानावर तुमचा फोटो आणि त्याखाली तुमच्याविषयी थोडंसं. "मनाला भिडेल असं लिही," दादा म्हणाले. "तुझ्याइतकं त्यांना कोण ओळखतं?"

तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले. रविवारी सकाळी शेताच्या बांधावर छातीत कळ आली आणि पेठच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं, असं मला फोनवर समजलं. तेव्हा मी नाशिकला कॉलेज रोडवर भाजी घेत होते. खरं सांगते सर, रडू यायच्या आधी माझ्या मनात एक विचार येऊन गेला, की चला, आता त्या पत्राचा विषय कुणी काढणार नाही. क्षणभरच आला, पण आला. मी कसली बाई आहे हे मला तिथे, मेथीची जुडी हातात धरून कळलं. मग मी रडले, आणि भाजीवाल्याने मला बसायला खोकं दिलं.

पत्राकडे येतेच. त्यातून सुटका नाही. पण तुमच्याशी बोलायचं तर एकदम तिथून सुरुवात करायला जीभ रेटत नाही, म्हणून थोडं मागून येते. तुम्ही हसला असतात. "रिपोर्टबाई, तुम्ही मुद्द्याला हात घालायच्या आधी तीन पानं प्रस्तावना करता," असं तुम्ही मला किती वेळा म्हणालात.

रिपोर्टबाई हे नाव तुम्ही पहिल्याच दिवशी ठेवलंत. आठ वर्षं झाली त्याला. तुमची दोन खोल्यांची शाळा, मी टॅबवर माहिती भरतेय, आणि मान वर न करता विचारतेय की सर, वाचनाची तासिका रोज होते का. तुम्ही म्हणालात, "मॅडम, आधी पोरांकडं बघा, मग टॅबकडं. टॅब काय पळून जात नाय." मला राग आला होता. नाशिकहून दोन तास एसटीत धक्के खाऊन आलेल्या माणसाशी असं बोलतात का, असं वाटलं. दुपारी तुमच्याच डब्यातली नागलीची भाकरी आणि ठेचा खाताना तो राग कुठे गेला ते कळलं नाही. त्या डब्यावर मी पुढे आठ वर्षं हक्क सांगितला.

मुलाला वाचता येणं म्हणजे काय ते मला तुम्ही शिकवलंत. माझं शिक्षण या विषयात झालंय, दोन पदव्या आहेत, तरी शिकवलंत तुम्हीच. तालुक्याच्या पहिल्या प्रशिक्षणात तुम्ही सगळ्या शिक्षकांना एकेक कागद वाटला होतात. तुमचा मुलगा बंगळुरूहून बिस्किटाचा पुडा घेऊन आला होता, त्यावरच्या कन्नड मजकुराची ती झेरॉक्स होती. आणि सगळ्यांत आधी मलाच उभं केलंत. "वाचा मॅडम. मोठ्यानं वाचा. का वाचत नाय? घरी अभ्यास घेत नाय का कुणी?" चाळीस शिक्षक हसत होते आणि माझे कान गरम झाले होते. मग तुम्ही म्हणालात, "आता तुमच्या पोटात जे झालं ना, ते दुसरीतल्या पोराच्या पोटात रोज होतं." त्यानंतर तीन दिवस कुणी झोपा काढल्या नाहीत. सुरगाणा, कळवण, पेठ, जिथे जिथे तुम्ही गेलात तिथे शिक्षक नंतर मला विचारायचे, पुढच्या वेळी महाले सर येणार ना? तुम्हालाही ते काम फार आवडायचं. प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी तुम्ही शर्टाला इस्त्री करून ठेवता, हे तुमच्या पत्नीने, मंदाताईंनीच मला सांगितलं होतं. तुम्ही लाजला होतात.

भांडण मात्र आपलं एकच होतं आणि ते कधी मिटलं नाही. जूनमध्ये पहिली चाचणी, फेब्रुवारीअखेर शेवटची. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, यांपैकी मूल कुठल्या पायरीवर होतं आणि कुठे पोचलं, एवढ्यावर आपलं अनुदान चालायचं. चाचणी शाळेच्या आवारातच घ्यायची आणि त्या दिवशी हजर असलेल्याच मुलांची घ्यायची, हा नियम. तो नियम मी लिहिलेला. फेब्रुवारीत तुमच्या भागातली निम्मी पोरं असतात कुठे? भात काढून झालं की घरंच्या घरं पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामाला उतरतात, आणि पोरंही त्यांच्याबरोबर जातात. जी मागे राहतात ती आजीआजोबांपाशी राहून शाळेत येत राहतात, म्हणून ती पुढे गेलेली दिसतात. मग रिपोर्ट झकास होतो. तुम्ही म्हणायचात, "कार्यक्रम शाळेला दिलाय का पोराला? पोरगं बागंत गेलं तर कार्यक्रमानं बागंत जायला पाहिजे." तुमचं म्हणणं होतं की शिक्षकांच्या प्रशिक्षणातला एक दिवस तरी तिथे, बागेत व्हावा. जाणाऱ्या प्रत्येक घराबरोबर पुस्तकांची एक पिशवी द्यावी. मी म्हणायचे, सर, फंडरला शाळा दिसते, बाग दिसत नाही. तुम्ही म्हणायचात, मग दाखवा ना. मी म्हणायचे, पुढच्या प्रपोजलमध्ये बघू. दर वर्षी मी ते लिहायचे आणि पाठवायच्या आधी स्वतःच काढून टाकायचे. तुम्हाला सांगायचे की मुंबईत कापलं. हे आधी कबूल केलेलं बरं, म्हणजे पुढचं एकदमच घडलं असं वाटायला नको.

दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तुम्ही ठरवून टाकलंत, की मी माझी पोरं तिथं जाऊन तपासणार. मला फोन केलात. मी थोडे आढेवेढे घेतले आणि मग म्हटलं, चला, मीही येते, नियमाचं मी सांभाळते. हे माझे शब्द आहेत सर. तुम्ही विसरला असाल, मी विसरलेले नाही.

तुम्ही मोटरसायकलवरून आलात, मी बसने पिंपळगावला उतरले. मुकादमाने जेवणाच्या सुट्टीतला तासभर दिला. बागेत वेलींखाली बरं वाटत होतं, पण बाहेर ऊन रणरणत होतं, आणि प्लास्टिकच्या कागदाच्या पालांमध्ये तर बसवत नव्हतं. बायका क्रेटांना टेकून भाकरी खात होत्या. तुम्हाला बघून पोरं आधी लपली, मग एकेक बाहेर आली. चौथीतली वनिता कडेवर धाकटा भाऊ घेऊन आली. जूनमध्ये ती गोष्ट वाचत होती, घडाघडा. मीच ऐकली होती. आता वाचायचं कार्ड हातात घेतलं आणि ती पहिल्या ओळीतच अडकली. एक एक शब्द लावून बघत होती. भाऊ रडायला लागला तसा तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मग तिने तुमच्याकडे बघितलं आणि कार्ड परत दिलं.

मी तुमच्या कानाशी म्हटलं, "सर, ऊन आहे, बाळ रडतंय, तिला येतं हे आपल्याला माहीत आहे. गोष्ट लिहून टाका."

तुम्ही कागदावर 'शब्द' लिहिलंत. म्हणालात, "तिला येत व्हतं मॅडम. आता ती विसरलीय. विसरली हे कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे का नको?"

त्या दिवशी आपण तुमच्या शाळेची सगळी पोरं शोधून काढली. तीन बागा फिरलो. मी कार्डं धरत होते, तुम्ही लिहीत होतात. परत निघताना हायवेवर उसाचा रस प्यायलो आणि तुम्ही म्हणालात, "आज पहिल्यांदा रिपोर्ट खरा झाला." मला तुमचा अभिमान वाटला होता, आणि तुमच्याबरोबर आले म्हणून स्वतःचाही.

नंतर काय झालं ते तुम्हाला कळलंच नाही. म्हणून सांगते.

तालुक्यातल्या सगळ्या शाळा वर गेल्या आणि तुमची एकटीची खाली आली. मुंबईच्या बाईंनी मीटिंगमध्ये विचारलं, की जो माणूस इतरांना प्रशिक्षण देतो त्याचीच शाळा मागे कशी? अनुदानाचं नूतनीकरण पुढच्या आठवड्यात होतं. स्क्रीनवर पाच चेहरे होते. दादा माझ्याकडे बघत होते. त्या क्षणी मी एवढंच सांगायला हवं होतं, की तुमचीच शाळा खरी मोजली गेली आहे आणि बाकीच्या आम्ही अर्ध्याच मोजल्या आहेत. एका वाक्याचं काम होतं. मी म्हटलं, "त्या शाळेत चाचणी नियमाप्रमाणे झाली नाही. शिक्षकांनी आवाराबाहेर, परस्पर घेतली."

परस्पर. मी कार्डं धरून शेजारी उभी होते, आणि परस्पर म्हटलं.

बाईंनी विचारलं, मग अशी व्यक्ती प्रशिक्षक कशी चालेल? मी मूग गिळून बसले. मीटिंग संपल्यावर दादा म्हणाले, एक पत्र कर. मी केलं. 'चाचणीचे निकष न पाळल्यामुळे आपणांस प्रशिक्षक गटातून मुक्त करण्यात येत आहे.' सही दादांची, मजकूर माझा. मुक्त हा शब्द मला तेव्हा सौम्य वाटला होता. त्याच वेळी तुमच्या शाळेची पानंही मी रिपोर्टातून काढली. वनिता गेली, ते बागेतलं सगळं गेलं. अनुदान मिळालं.

माझ्याकडे कारणं आहेत. माझी नोकरी, आणखी सातजणांच्या नोकऱ्या, पुण्याला शिकणारी मुलगी, तिचं होस्टेल. खोटी नाहीत ती. पण मी ती मोठ्याने म्हणून बघते तेव्हा मलाच लाज वाटते, कारण मला कुणी धमकी दिली नव्हती. नुसता प्रश्न विचारला होता. मी घाबरले आणि अंग काढून घेतलं.

पत्र मिळाल्यावर दोन दिवसांनी तुमचा फोन आला. तुमचा आवाज नेहमीसारखाच होता. "मॅडम, एक विचारू? हे पत्र तुम्ही लिवलंय का?"

"नाही सर. वरूनच आलंय, मुंबईहून. मी खूप सांगून बघितलं."

"बरं." थोडं थांबून म्हणालात, "मग काय नाय. तुम्ही नका वाईट वाटून घेऊ."

तुम्ही माझं सांत्वन केलंत आणि मी ते करून घेतलं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात प्रशिक्षणाला पुण्याहून दोन तरुण मुलं आली. चांगली होती, मेहनती. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना एकेक कन्नड कागद वाटला. आमच्या ऑफिसच्या फाइलमध्ये तो उपक्रम होता, नाव कुणाचंच नव्हतं, कारण फाइल मी बनवलेली. तुम्ही मागच्या बाकावर इतर शिक्षकांबरोबर बसला होतात. मी प्रोजेक्टरपाशी उभी होते. त्यातल्या एकाने नेमकं तुम्हालाच उठवलं. "सर, तुम्ही वाचा बघू. मोठ्याने." तुम्ही उभे राहिलात, कागद नीट धरलात, बघितलंत आणि म्हणालात, "नाय येत मला." खाली बसलात. ज्यांना तुम्ही शिकवलं होतंत असे दहाबाराजण खोलीत होते. एकही हसला नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. चहाच्या वेळी तुम्ही माझ्यापाशी येऊन म्हणालात, "छान घेतलं पोरानं." मी म्हटलं, हो ना.

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतरही दीड वर्ष होतं. मी तुमच्या शाळेत येत राहिले, तुमच्या डब्यातलं खात राहिले. प्रत्येक वेळी ठरवून यायचे आणि प्रत्येक वेळी वाटायचं, आज नको, आज पोरं आहेत, आज मंदाताई आहेत, आज सर खुशीत आहेत. तुम्ही एकावन्न वर्षांचे. मला वाटलं होतं, वेळ आहे.

तालुक्याच्या शोकसभेत मी बोलले. 'सर आमच्या कार्यक्रमाचा कणा होते,' असं म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. तो कणा आम्ही दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवला होता, आणि तो का काढला, हे तिथे फक्त दादांना आणि मला माहीत होतं. दादा पहिल्या रांगेत डोळे पुसत होते. ते नाटक करत नव्हते सर. मीही नव्हते. आम्हाला खरंच वाईट वाटत होतं, आणि ते जास्त लाजिरवाणं आहे.

तुमच्या दिवसाच्या कार्याला घरी आले तेव्हा मंदाताईंनी माझा हात धरून शेजारी बसवलं. गर्दी होती. त्या म्हणाल्या, "त्ये तुमचं लय नाव काढायचे. एवढ्या उन्हात बाई माझ्यासंगं बागंत आली, कुणी येतं का, असं म्हणायचे." मी त्यांच्याकडे बघू शकले नाही.

तर ते पान. चार दिवस मी त्याच्यासमोर बसले आणि मग एका दमात लिहून काढलं. बागेतली चाचणी, वनिता, मी धरलेली कार्डं, मीटिंगमधलं माझं वाक्य, पत्र. तुमच्या नावाचं केंद्र करायचं असेल तर तुम्हाला का काढलं हे त्यात यायला हवं, आणि प्रशिक्षणातला एक दिवस बागेत व्हायला हवा, असंही लिहिलं. या वेळी काढून टाकलं नाही.

दादांनी वाचलं. पान उलटं करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "हे गेलं तर अनुदान जाईल. केंद्रही जाईल. तू तुझं मन मोकळं करशील, आणि त्यांच्या नावाची एक गोष्ट व्हायची तीही राहील." ते चूक बोलत होते असं मला म्हणता येत नाही. शेवटी म्हणाले, "नाव त्यांचं आहे. त्यांच्या बायकोला विचार. ती म्हणाली तर पाठवू."

म्हणून काल पेठला आले. मंदाताई ओट्यावर सुपात उडीद पाखडत होत्या. तुमचा मुलगा परत बंगळुरूला गेलाय. मी त्यांना सगळं सांगितलं. तुम्हाला वर लिहिलंय तेवढं सगळं, त्याच क्रमाने. त्या पाखडत राहिल्या. मध्ये काही विचारलं नाही. मला वाटलं, त्या मला घराबाहेर काढतील. खरं तर तसं झालं असतं तर बरं, असं वाटत होतं.

सूप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "म्हंजी त्येंनी फोनवर इचारलं, तवा तुम्ही नाय म्हनल्या."

"हो."

"मी हितंच बसले व्हते तवा," त्या म्हणाल्या. "मीच म्हनलं व्हतं त्येंना, हे बाईचंच काम हाय, दुसरं कोण लिव्हणार. तर माझ्यावर चिडले. आन लागले तुम्हाला फोन."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"कागदावर काय लिव्हायचं ते लिव्हा. खरं हाय तर जाऊ द्या मुंबईला. त्येंच्या नावाचं घर झालं काय, नाय झालं काय, मला त्याचं काय नाय." मग त्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "पण ते पत्र आलं तवा दोन दिस जेवले नव्हते. तुमचा फोन झाला आन म्हणाले, बघ, मी सांगत व्हतो ना, बाई तशी नाय. वाढ आता. मी वाढलं. तीन भाकरी खाल्ल्या त्या दिशी. मला किती बरं वाटलं व्हतं. आता मी ते कसं आठवू, सांगा."